नवरा-बायकोची लांबची युरोप-भूमध्य भटकंती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय पासपोर्टवर तीन महिने ते वर्षभर युरोपात आणि भूमध्य समुद्राच्या काठाने फिरू पाहणाऱ्या जोडप्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. पंधरा दिवसांच्या सहलीला यातलं बरंचसं लागू होत नाही. लांबच्या भटकंतीत पैशांच्या आधी दिवस संपतात, म्हणून सुरुवात दिवसांच्या हिशेबापासून केली आहे.

१. शेंगेन आणि युरोपियन युनियन एकच का?

नाही. शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर नेहमीची तपासणी न ठेवणाऱ्या देशांचा गट, आणि त्यात अल्पमुदती व्हिसावर मोजकेच दिवस राहता येतं (प्रश्न २ पाहा). त्यात २९ देश आहेत: युनियनच्या २७ पैकी आयर्लंड आणि सायप्रस वगळून २५, शिवाय नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड आणि लिश्टेनश्टाइन. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला आत आला. रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून जमिनीवरच्या सीमांसह पूर्णपणे आत आहेत. "मध्ये महिनाभर क्रोएशियात जा, म्हणजे शेंगेनचे दिवस वाचतील" हा सल्ला अजून फिरतो. तो जुना झाला. आता तिथे राहिलात तर तुमचेच दिवस खर्ची पडतात.

२. ९० दिवसांचा हिशेब नेमका कसा करायचा? १८० दिवस झाले की मीटर शून्यावर येतो ना?

येत नाही, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नियम असा: शेंगेनमध्ये असाल त्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून मागचे १८० दिवस मोजायचे. त्यात शेंगेनमधले दिवस ९० पेक्षा जास्त भरता कामा नयेत. आत शिरण्याचा आणि बाहेर पडण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. रात्री साडेअकराला विमान उतरलं आणि प्रवेशाची नोंद बाराच्या आत झाली, तर तो अख्खा दिवस गेला.

उदाहरणच घेऊ. १ मार्च २०२६ ला ग्रीसमध्ये शिरलात आणि २९ एप्रिलला बाहेर पडलात: ६० दिवस. मे-जून अल्बानिया आणि तुर्कस्तानात काढले. १ जुलैला इटलीत आलात. त्या दिवशी मागचे १८० दिवस ३ जानेवारीपर्यंत जातात, म्हणजे मार्च-एप्रिलचे साठही दिवस हिशेबात आहेत. हातात उरले ३०. शेवटचा दिवस ३० जुलै. ३१ जुलैला थांबलात की ९१ झाले.

आता परत कधी येता येईल? १ मार्चचा दिवस हिशेबातून गळतो तो २८ ऑगस्टला. तिथून पुढे रोज एक जुना दिवस गळतो आणि एक नवा जमा होतो, त्यामुळे २८ ऑगस्ट ते २६ ऑक्टोबर असे सलग ६० दिवस राहता येतं. २७ ऑक्टोबरला गळायला काहीच उरलेलं नसतं, कारण मे-जूनमध्ये तुम्ही बाहेर होतात. तेव्हा पुन्हा बाहेर, थेट २८ डिसेंबरपर्यंत.

हे वहीत करण्यापेक्षा युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावरच्या कॅल्क्युलेटरमध्ये दोघांच्या तारखा वेगवेगळ्या टाकून पाहा. शेवटचे दोन-तीन दिवस कायम शिल्लक ठेवा. संप, वादळ किंवा रद्द झालेली बोट हे दिवस कधी खाईल, सांगता येत नाही (प्रश्न १० आणि ११ पाहा). आणि व्हिसाच्या स्टिकरवर मुदत आणि मुक्कामाचे दिवस असे दोन वेगळे आकडे असतात. दोन्ही पाळायचे असतात.

३. मग उरलेले दिवस कुठे काढायचे?

शेंगेनबाहेरच्या देशांत, आणि त्यांतले बरेच याच काठावर आहेत. वापरात असलेला मल्टिपल एंट्री, म्हणजे अनेकदा ये-जा करता येणारा, शेंगेन व्हिसा हाताशी असेल तर दारं सोपी उघडतात. अल्बानियात तशा व्हिसावर १८० पैकी ९० दिवस राहता येतं, पण तो व्हिसा आधी एकदा शेंगेनमध्ये वापरलेला असावा लागतो. सर्बियातही ९० दिवस मिळतात. मॉन्टेनेग्रो आणि बोस्नियात ३०. तुर्कस्तानसाठी वैध शेंगेन, अमेरिकी, ब्रिटिश किंवा आयरिश व्हिसा असलेल्या भारतीयांना ऑनलाइन ई-व्हिसा मिळतो, एकदाच प्रवेश, ३० दिवस. लांब मुक्काम हवा असेल तर ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा बघा. तो वेगळा काढावा लागतो, पण एका खेपेला सहा महिन्यांपर्यंत राहता येतं.

यांतले नियम त्या-त्या देशाच्या हातात आहेत आणि बदलतात. निघण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या परराष्ट्र खात्याचं पान पुन्हा उघडून पाहा. सर्बियात आणि मॉन्टेनेग्रोत पोचल्यावर २४ तासांच्या आत मुक्कामाची नोंदणी व्हावी लागते. हॉटेल ती आपोआप करतं. खासगी घरात उतरलात तर घरमालकाच्या मागे लागून करून घ्या आणि सर्बियात मिळणारा पांढरा कागद, 'बेली कार्तोन', जपून ठेवा.

४. व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा? दोघांचा एकच अर्ज चालतो का?

ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री, त्याच्याकडे. रात्री समान असतील तर जिथे आधी शिरणार, त्याच्याकडे. फॉर्म दोघांचे वेगळे, बोटांचे ठसे वेगळे, प्रत्येकी ९० युरो फी वेगळी. अपॉइंटमेंट मात्र एकत्र घ्या. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, १५ दिवसांच्या आत आलं की घेत नाहीत. उत्तर साधारण १५ दिवसांत येतं, पण ४५ लागू शकतात.

दोघांपैकी एकच कमावत असेल तर दुसऱ्याच्या अर्जाला विवाह प्रमाणपत्र, जोडीदाराचं बँक स्टेटमेंट आणि खर्च आपण करणार असल्याचं त्याचं किंवा तिचं पत्र जोडा. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर काही बिघडत नाही, फक्त प्रमाणपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यांचं स्पेलिंग अक्षरशः जुळायला हवं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांतच काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सर्व शेंगेन देशांत चालणारा.

दर वेळी नव्याने सुरुवात करावी लागत नाही, ही चांगली बातमी. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झाला आहे: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर पाच वर्षांचा. ९०/१८० चा नियम मात्र त्यावरही तसाच लागू.

५. एकाला मल्टिपल एंट्री मिळाली, दुसऱ्याला सिंगल. आता?

सिंगल एंट्रीवाल्याने एकदा बाहेर पाऊल टाकलं की परत येता येत नाही, व्हिसावर दिवस शिल्लक असले तरी. त्यामुळे दोघांचा मार्ग सिंगलवाल्याप्रमाणे ठरवा: आधी सगळं शेंगेन, मग बाहेरचे देश, आणि तिथूनच घरी. टाळायचं असेल तर अर्ज करतानाच ज्या तारखांना बाहेर पडून परत येणार त्या दाखवणारा मार्ग आणि बुकिंग जोडा.

नकळत बाहेर पडण्याच्या दोन जागा लक्षात ठेवा. क्रोएशियात स्प्लिट ते दुब्रोवनिक हा जुना किनारी रस्ता नेउम इथे काही किलोमीटर बोस्नियातून जातो. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्स पूल खुला झाल्यापासून तो तुकडा टाळता येतो. बसचं तिकीट काढताना ती पुलावरून जाते की नेउमवरून, हे विचारून घ्या. दुसरी जागा अँडोरा. तो शेंगेनमध्ये नाही, आणि त्याला स्वतःचा विमानतळ नसल्याने जाणं-येणं फ्रान्स किंवा स्पेनमधूनच होतं. म्हणजे परतताना नवी एंट्री लागते.

६. एकाच देशात सहा महिने किंवा वर्षभर राहायचं असेल तर?

मग शेंगेनचा अल्पमुदती व्हिसा नव्हे, त्या देशाचा राष्ट्रीय, म्हणजे डी प्रकारचा व्हिसा लागतो. स्पेनचा बिनकमाईचा निवास व्हिसा जोडप्यांमध्ये बराच विचारला जातो. त्यात उत्पन्नाची अट 'इप्रेम' या सरकारी निर्देशांकाच्या ४०० टक्के, आणि सोबतच्या प्रत्येक माणसामागे आणखी १०० टक्के अशी आहे. महिन्याला ६०० युरोंच्या इप्रेमने दोघांचे ३,००० युरो होतात, वर्षाचे ३६,०००. या व्हिसावर तिथे काम करता येत नाही. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी स्पेन आणि पोर्तुगालचे वेगळे व्हिसा आहेत.

या अर्जांत विवाह प्रमाणपत्राला अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात मानला जाणारा सरकारी शिक्का) आणि मग त्या देशाच्या भाषेत अधिकृत भाषांतर लागतं. क्रम हाच ठेवा. आधी भाषांतर आणि मग अपॉस्टिल केलं तर अपॉस्टिलचा शिक्का भाषांतरात येत नाही आणि कागद परत येतो. डी व्हिसा मिळाल्यावर बाकीच्या शेंगेन देशांत १८० पैकी ९० दिवस फिरता येतं.

७. पासपोर्टवर आता शिक्केच मारत नाहीत म्हणे?

हो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नोंद संगणकावर गेली आहे. सीमेवर चेहऱ्याचा फोटो घेतात. व्हिसा घेतलेल्यांचे ठसे आधीच त्यांच्याकडे असतात. याचा परिणाम असा की दिवस यंत्र मोजतं आणि एक दिवसही सुटत नाही. उलट कधी बाहेर पडल्याची नोंद व्हायची राहिली, तर ते सिद्ध करणं तुमच्यावर येतं. बोर्डिंग पास, बोटीचं तिकीट, शेंगेनबाहेरच्या हॉटेलचं बिल, सगळ्यांचे फोटो तारखेनुसार दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

८. कोणत्या महिन्यात कुठे असावं?

जुलै-ऑगस्टमध्ये भूमध्य किनारा टाळता आला तर टाळा. ऊन, गर्दी आणि भाडी तिन्ही टोकाला असतात. १५ ऑगस्टच्या आसपास इटलीत शहरातली माणसं सुट्टीवर आणि दुकानांची शटरं खाली. ते दोन महिने बाल्कनचे डोंगर किंवा उत्तर युरोप बरा. नोव्हेंबर ते मार्च ग्रीसच्या लहान बेटांवर बहुतेक हॉटेलं बंद असतात आणि बोटी कमी होतात. त्या काळात क्रीट, सिसिली, आंदालुसिया किंवा अंताल्या अशी बारमाही जागती ठिकाणं निवडा. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे चार महिने सोन्यासारखे आहेत. शेंगेनचे मोजके दिवस तिथेच खर्च करावेत, असं ठामपणे सांगावंसं वाटतं.

९. महिन्याने घर घेताना घरमालकाला काय विचारायचं?

किमतीत महिन्याची सवलत असतेच. खरे प्रश्न वेगळे आहेत.

पहिला, गरम कसं होतं. भूमध्य किनाऱ्यावरची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात: फरशी, जाड भिंती, फटी असलेल्या खिडक्या. जानेवारीत बाहेर १४ अंश असताना आत हुडहुडी भरते. इटलीत इमारतीच्या सामायिक हीटिंगला कायद्याने तारखा ठरलेल्या आहेत. रोममध्ये नेहमीच्या वर्षी १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त १२ तास. पालेर्मोत १ डिसेंबर ते ३१ मार्च, फक्त ८ तास. घरात स्वतंत्र एसी-हीटर आहे का, आणि त्याची वीज भाड्यात धरली आहे का, हे लेखी घ्या.

दुसरा, वीज किती. इटलीत बहुतेक घरांचं कनेक्शन ३ किलोवॉटचं असतं. ओव्हन २, पाण्याची किटली २, म्हणजे चहा ठेवला की घर काळोखात. फ्यूज गेला असं वाटतं, पण मीटर स्वतः वीज तोडतो. तो बऱ्याचदा तळमजल्यावरच्या कुलूपबंद खोलीत असतो. म्हणून पहिल्याच दिवशी मीटर कुठे आहे, किल्ली कोणाकडे आहे आणि कोणती कळ वर करायची, हे बघून ठेवा. एका वेळी एकच तापणारं यंत्र चालवा.

ग्रीसमध्ये गच्चीवर सौर बंब असतो. ढगाळ दिवशी आंघोळीआधी अर्धा तास विजेच्या पेटीतली बंबाची कळ चालू करायची आणि नंतर आठवणीने बंद करायची. तिथले निचऱ्याचे पाइप अरुंद असतात, त्यामुळे टॉयलेट पेपर कमोडमध्ये नाही, शेजारच्या डब्यात टाकतात.

प्लगचं म्हणाल तर आपले बारीक दोन पिनांचे चार्जर युरोपात बहुतेक ठिकाणी बसतात. ब्रिटन, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसला चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागतो.

१०. ट्रेनचा पास घ्यावा की सुटी तिकिटं?

भारतात राहणाऱ्यांसाठी युरेल, युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल. पण सावकाश फिरणाऱ्या जोडप्याला पास क्वचितच परवडतो. एका गावी तीन आठवडे राहिलात तर पास नुसता पडून असतो. शिवाय फ्रान्स, स्पेन, इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात, आणि फ्रान्समध्ये पासवाल्यांच्या जागा आधीच संपतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना आरक्षण लागत नाही. तिथे तीन-चार आठवडे भरभर फिरणार असाल तरच पास घ्या.

इटलीच्या प्रादेशिक गाड्यांचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावं लागतं, नाहीतर वैध तिकीट असूनही दंड. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा चालू ठेवावी लागते. विमान गाठायचं असेल तर त्या वेळांतली गाडी धरा.

११. बोटीने देश बदलणं कितपत भरवशाचं?

इटलीतल्या बारीहून अल्बानियातल्या दुर्रेसला, इटलीतल्या अँकोनाहून ग्रीसमधल्या पात्रासला, स्पेनमधल्या बार्सिलोनाहून इटलीतल्या चिवितावेक्कियाला, किंवा ग्रीसमध्येच पिरेयसहून हान्याला, अशा रात्रीच्या बोटी एका हॉटेलचं भाडं वाचवतात. दोन बर्थची केबिन घ्या. डेकचं तिकीट स्वस्त असतं, पण आतला एसी रात्रभर अंगावर येतो. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो वाढला की बंदरातून बोटी सोडणंच बंद करतात. वेगवान कॅटमरान आधी थांबतात, मोठ्या पारंपरिक बोटी नंतर. म्हणून बेटावरून परतीची बोट आणि विमान एकाच दिवशी ठेवू नका.

गाडीसह जाताना बऱ्याच बोटींवर गाडीत फक्त चालक बसू देतात. जोडीदाराला पायी, वेगळ्या दाराने चढावं लागतं. तेव्हा पासपोर्ट आणि तिकीट ज्याचं त्याच्या हातात असू द्या. दोघांचे कागद गाडीतल्या एकाच पाकिटात, आणि एक जण बंदरावर कागदाविना उभा, हे फार वेळा घडतं.

१२. भाड्याची गाडी घेताना काय चुकतं?

क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावावर हवं. नवऱ्याच्या कार्डवर आणि बायकोच्या परवान्यावर गाडी मिळत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना मूळ परवान्यासोबतच चालतो. दुसरा चालक नोंदवला नसेल आणि अपघात त्याच्या हातून झाला, तर विमा उभा राहत नाही. अल्बानिया किंवा बोस्नियात न्यायची असेल तर कंपनीची लेखी परवानगी आणि ग्रीन कार्ड, म्हणजे गाडीचा विमा त्या देशात चालतो याचा कागद, मागा.

इटलीत जुन्या गावभागांत 'झेड-टी-एल' क्षेत्र असतं, म्हणजे परवानगीशिवाय गाडी न्यायला बंदी असलेला भाग. पाटीवर लाल वर्तुळ, वर कॅमेरा. हॉटेल आत असेल तर त्यांना आधी गाडीचा नंबर कळवा. दंडाचं पत्र महिन्यांनी येतं, वर भाड्याच्या कंपनीचा नाव कळवण्याचा आकार वेगळा. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, स्वित्झर्लंडच्या महामार्गांना व्हिन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-पास, आधी घ्यावं लागतं.

१३. पैसे आणि फोन कसे सांभाळायचे?

दोघांकडे वेगवेगळ्या खात्यांची कार्डं असू द्यात आणि ती एकाच पाकिटात नसावीत. यंत्राने "तुमच्या चलनात पैसे कापू का" विचारलं तर नेहमी नाही म्हणा, त्यातला दर तोट्याचा असतो. बल्गेरियात १ जानेवारी २०२६ पासून युरो आहे. मॉन्टेनेग्रो आणि कोसोव्होतही युरो चालतो. अल्बानियाचा लेक बाहेर बदलून मिळणं कठीण, तो तिथेच संपवा.

युनियनमधलं सिम युनियनभर चालतं, पण सर्बिया, अल्बानिया, तुर्कस्तानात त्याचे वेगळे दर लागतात, आणि स्वित्झर्लंडचं काय ते कंपनीकडे विचारा. भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, आणि ते बंद पडलं की सगळी कार्डं निकामी.

१४. दोघंही शाकाहारी आहोत. भाज्यांवर निभावेल का?

निभावेल, आणि भूमध्य काठावर उत्तर युरोपापेक्षा चांगलं. ग्रीसमध्ये उपवासाच्या काळात बेकरीत आणि खानावळीत 'निस्तिसिमो' अशी पाटी दिसते. त्यात मांस, अंडी, दूध काही नसतं. सावध एवढंच राहा की त्या उपवासाला माकूळ, कोळंबी चालते. एरवी 'लादेरा' मागा: ऑलिव्ह तेलात शिजवलेली भेंडी, फरसबी, वांगी. तुर्कस्तानात 'झेतिन्याली' हा तसाच थंड वाढला जाणारा भाज्यांचा प्रकार.

स्पेन अवघड. 'मांस नको' म्हटलं तरी हॅम किंवा टूना येतो. साध्या मिक्स सॅलडवर बहुधा टूना असतोच. "येवा हामोन ओ आतून?" म्हणजे यात हॅम किंवा टूना आहे का, असं थेट विचारा. इटलीत पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. ते ज्यांना चालत नसेल त्यांनी चीज वेगळं सांगावं.

१५. रोजची औषधं सहा महिन्यांची न्यावीत का?

साधी औषधं प्रिस्क्रिप्शनसह न्या. त्यावर ब्रँडचं नाही, मूळ औषधाचं नाव लिहून घ्या, म्हणजे हिरव्या क्रॉसच्या कुठल्याही औषध दुकानात कळतं. झोपेच्या गोळ्या किंवा अफूजन्य वेदनाशामकं असतील तर एका देशातून दुसऱ्यात नेताना प्रमाणपत्र लागतं आणि ते ३० दिवसांपुरतंच असतं. अर्धी औषधं एकाच्या, अर्धी दुसऱ्याच्या सामानात ठेवा. युनियनमध्ये कुठेही तातडीचा नंबर ११२.

व्हिसासाठी घेतलेला विमा अनेकदा फक्त शेंगेनपुरता असतो, अल्बानिया-तुर्कस्तानात तो चालेलच असं नाही. एका प्रवासाची कमाल दिवसांची मर्यादाही पॉलिसीत शोधा.

१६. व्हिसा संपत आला आणि जोडीदार रुग्णालयात आहे. काय करायचं?

मुदत उलटण्याआधी, नंतर नव्हे, त्या देशाच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात मुदतवाढ मागा. आवाक्याबाहेरचं कारण किंवा मानवतेचं कारण असेल तर ती मोफत मिळते. इतर गंभीर वैयक्तिक कारणाला ३० युरो. डॉक्टरचं तारखेसह पत्र लागतं: रुग्णाला प्रवास करता येत नाही, आणि सोबतचा माणूस कोण. अर्ज दोघांचाही करा. रुग्णाची मुदत वाढली म्हणून सोबत्याची वाढत नाही.

१७. पासपोर्ट हरवला तर पुढची भटकंती चालू ठेवता येते का?

पोलिसांकडे तक्रार, मग भारतीय दूतावास. तातडीचं प्रमाणपत्र फक्त भारतात परतण्यापुरतं असतं. पुढे फिरायचं असेल तर नवा पासपोर्ट हवा, आणि जुन्यावरचा व्हिसा त्यावर आपोआप येत नाही. जोडीदाराचा पासपोर्ट शाबूत असला तरी तो एकटाच पुढे जाऊ शकतो.

१८. बायकोकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, नवऱ्याकडे भारतीय. वेगळे नियम लागतात का?

लागतात. युनियनच्या नागरिकाचा जोडीदार तिच्यासोबत, किंवा तिला भेटायला, तिच्या स्वतःच्या देशाव्यतिरिक्त दुसऱ्या सदस्य देशात जात असेल तर २००४ च्या मुक्त संचार निर्देशानुसार व्हिसा मोफत आणि लवकर द्यावा लागतो. हॉटेल बुकिंग, बँक स्टेटमेंट असले कागद मागता येत नाहीत. लग्नाचं आणि एकत्र प्रवासाचं पुरावापत्र पुरतं. इथे दोघांनी फसायची जागा एकच: दोघं पोर्तुगाललाच निघाले असतील, तर हा निर्देश लागू होत नाही. स्पेनला निघाले असतील तर होतो. सीमेवर नवरा तिच्या रांगेत, तिच्यासोबतच उभा राहू दे, आणि अपॉस्टिल केलेलं विवाह प्रमाणपत्र हातातल्या पिशवीत असू दे, चेक-इन केलेल्या बॅगेत नाही.